विहीणबाईंचा नेम

चष्मेवाल्यांचा सगळा संसार एका प्रश्नावर चालला होता: "हे बरं दिसतंय, की हे?" गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड गोल फ्रेम चढवायची, एक काच काढायची, दुसरी घालायची आणि विचारायचं. लोक पटापट उत्तरं देत. मग लेकीचं लग्न ठरलं, हाच प्रश्न उलटून त्यांच्याच अंगावर आला आणि चष्मेवाल्यांच्या नाकी नऊ आले.

मुलगा शेजारच्या गावचा. त्याच्या आईची बेकरी होती आणि भट्टीवर राबणारे हे दोघंच, मायलेक. इकडे दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासायचं काम लेकीच्या हातात. आता लग्नानंतर कुणी कुठे जायचं?

"तुम्ही म्हणाल तसं," चष्मेवाले म्हणाले.

"छे, छे! तुम्ही म्हणाल तसं," विहीणबाई म्हणाल्या.

पुढच्या भेटीत तेच. त्यापुढच्या भेटीतही तेच, फक्त खुर्च्या वेगळ्या. दोन्हीकडून आदर असा ओसंडत होता की लग्नच त्यात बुडायची वेळ आली.

खरं सांगायचं तर चष्मेवाल्यांना लेक हवी होती. बायको गेल्यापासून मागच्या खोलीतून येणारी काचा घासायच्या मशीनची घरघर हीच त्यांची सोबत होती. ती थांबली तर आपणही थांबू, असं त्यांना मनापासून वाटे. शेजारचा गाळा कधीपासून रिकामा पडला होता, मुलाने तिथे बेकरी टाकली तर किती बरं, असंही शंभरदा मनात येऊन गेलं. पण बोलणार कसं? पोराला घरजावई करून घ्यायला निघालाय म्हातारा, असं वाटलं म्हणजे? त्यामुळे तोंड बंद, आणि वर ते गुळगुळीत हसू.

शेवटी लेकीचं डोकं फिरलं.

"बाबा, बस झालं. एक डाव खेळायचा. फोनवर, पूलचा. तुम्ही इथून, त्याची आई तिथून. जिंकेल त्याने काय ते सांगायचं आणि हरेल त्याने निमूट ऐकायचं."

"पूल? अगं, कॅरम तरी ठेव!"

"कॅरममध्ये तुम्ही कुणाला हातही लावू देत नाही. पूल तुम्हालाही येत नाही, त्यांनाही येत नाही. म्हणजे कुणी कुणाला नावं ठेवायला नको."

मग शिकवणी सुरू झाली. काउंटरवर फोन, फोनवर हिरवं टेबल आणि त्यावर वाकलेले चष्मेवाले, एक डोळा मिटून.

"हे सात सबंध रंगाचे, हे सात पट्ट्यांचे. फोडल्यावर ज्या जातीचा बॉल तुम्ही आधी घालाल, ती जात तुमची. आपला बॉल गेला की परत आपणच मारायचं, कॅरमसारखं; चुकलं की पाळी समोरच्याची. पांढऱ्याने आधी आपल्याच बॉलला लागलं पाहिजे. पांढराच पॉकेटात गेला तर फाउल. मग समोरच्याने तो उचलायचा आणि हवा तिथे ठेवून मारायचं."

"आणि हा काळा?"

"आठ नंबरचा. तो सगळ्यात शेवटी. आपले सात संपायच्या आत तो गेला, तर डाव गेला. आणि काळ्यावर मारण्याआधी कोणत्या पॉकेटात घालणार ते बोट ठेवून सांगायचं. दुसऱ्यात पडला तरी हरलात. त्याच्यामागून पांढरा गेला तरी हरलात."

चष्मेवाल्यांनी मान वर केली. "आधी सांगायचं? म्हणजे आपल्याला काय हवंय ते चारचौघांत उघड बोलून दाखवायचं, आणि मग मारायचं?"

"हो."

"भलताच निर्लज्ज खेळ आहे."

सुट्टीच्या दिवशी दुपारी डाव मांडला. लेकीचा फोन आरशाला टेकवून ठेवला होता. त्यात विहीणबाई दिसत होत्या, स्टुलावर बसलेल्या, कोपरापर्यंत पीठ. मागे होणारा जावई हातात रिकामा ट्रे घेऊन उभा होता. खेळ चष्मेवाल्यांच्या फोनवर.

"मारा तुम्ही," विहीणबाई म्हणाल्या.

"छे, आधी तुम्ही."

"आधी कोण ते खेळच ठरवतो!" दोन्हीकडून पोरं एकदम ओरडली.

खेळाने चष्मेवाल्यांना पुढे केलं. फोडताना त्यांचा एक सबंध रंगाचा गेला आणि त्यांना स्वर्ग दोन बोटं उरला. पण पुढच्याच फटक्याला जुनी खोड आडवी आली. नेमाची रेघ जराशी उजवीकडे सरकव, परत डावीकडे. ही बरी, की ही? ही, की ही? तेवढ्यात फोनवर त्यांच्या फोटोभोवती वेळ मोजणारं हिरवं कडं पिवळं झालं, लाल झालं, आणि वेळ संपली.

"बाबा, गिऱ्हाईक उठून गेलं!" लेक कपाळाला हात लावून म्हणाली.

विहीणबाई खेळल्या. त्यांचा पट्ट्यांचा बॉल पॉकेटाच्या अगदी तोंडाशी जाऊन थांबला आणि पांढरा घरंगळत समोरच्या पॉकेटात पडला. फाउल. "अगंबाई! हात बसला नाही हो," त्या म्हणाल्या. चष्मेवाल्यांनी पांढरा उचलून आपल्या बॉलच्या मागे नेऊन ठेवला. इतक्या जवळून तर आंधळ्यानेही घातला असता. दुसरा बॉल गेला आणि चष्मेवाले खुर्चीत उडाले.

असंच चाललं. विहीणबाई चुकायच्या, पांढरा पडायचा, चष्मेवाले तो उचलून एकेक बॉल घालायचे. तिसरा, चौथा. त्यांना चेव चढला. बोटांवर फुंकर काय मारतील, "आता बघा" काय म्हणतील! लेक हसून हसून काउंटरवर आडवी झाली. मागच्या खोलीतली घरघर त्यांना आता कायमची आपली वाटायला लागली.

सातवा गेल्यावर फक्त काळा उरला, आणि त्यावर त्यांचा पहिला फटका चुकला. विहीणबाईंची पाळी आली. त्यांचा बॉल पुन्हा पॉकेटाच्या तोंडाशी थांबला, पुन्हा तसाच उजव्या कडेला, आणि पांढरा पुन्हा समोर जाऊन पडला.

इथे चष्मेवाल्यांचं हसू जरा अडखळलं.

चष्मा हवा म्हणून मुलं खोटं बोलतात, हे त्यांना फार पूर्वीपासून ठाऊक. वर्गातल्या मैत्रिणीला चष्मा लागला की मग आपल्यालाही हवा. ज्याला खरंच दिसत नाही तो कुठेही चुकतो, कसाही चुकतो. सोंग करणारं पोर मात्र बेतशीर चुकतं. त्यांनी टेबलाकडे नीट पाहिलं. विहीणबाईंचे बॉल प्रत्येक पॉकेटाच्या उजव्या कडेला शहाण्यासारखे बसले होते. एवढं नेमकं चुकायला केवढा नेम लागतो!

या बाई मुद्दाम हरत होत्या. आपला एकुलता एक मुलगा पिठाच्या हातांनी उचलून त्यांच्या दारात आणून ठेवत होत्या, आणि वर "हात बसला नाही" म्हणत होत्या. उद्या भट्टीतले ते ट्रे एकट्याने ओढणार कोण? आपण मघापासून बोटांवर फुंकर मारत बसलो, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

पांढरा त्यांच्या हातात होता. काळा कोपऱ्यातल्या पॉकेटाजवळ होता. त्यांनी पांढरा अगदी सरळ रेषेत ठेवला, त्या पॉकेटावर बोट ठेवलं, पांढऱ्याच्या वरच्या अंगाला मार लागेल असं केलं आणि काठी मागे ओढली. खूप मागे, जिथपर्यंत जाते तिथपर्यंत.

"बाबा, हळू!" लेक किंचाळली.

काळा गेला. आणि त्याच्या पाठोपाठ पांढराही गेला, बोट धरून निघाल्यासारखा.

लगेच आरशाजवळच्या फोनमधून आवाज फुटला.

"सरळ बॉलला एवढा जोर कुणी लावतं का? व्याहीबुवा, तुम्ही मुद्दाम हरलात!"

"मी? आणि मघापासून उजव्या कडेला रांगोळी कोण घालतंय?"

"मी बाईमाणूस, मला काय कळतं त्यातलं!"

"कळत नाही? विहीणबाई, माझे डोळे तपासायला येऊ नका!"

"ओरडू नका माझ्यावर!"

"तुम्हीच ओरडताय!"

पोरं तोंडाचा आ वासून बघत होती. इतक्या महिन्यांत या दोघांनी एकमेकांना पहिल्यांदाच असं सुनावलं होतं. तोंड उघडलंच होतं, तर चष्मेवाल्यांनी सगळंच बाहेर काढलं.

"मला लेक हवी आहे! इथे, या दुकानात. ती गेली तर माझं कसं होईल मला कळत नाही. बास, सांगून टाकलं."

विहीणबाईंनी पिठाचा हात डोळ्यांना लावला, त्यामुळे एक भुवई पांढरी झाली. "मलाही माझा मुलगा हवाय," त्या म्हणाल्या. "आणि आमची इमारत पाडायला काढलीय. भट्टी कुठे न्यायची हेच कळत नाहीये. पण सांगणार कसं? तुम्हाला वाटायचं, ही बाई भट्टीसकट गळ्यात पडतेय."

चष्मेवाले उभेच राहिले. "अहो, माझ्या शेजारचा गाळा रिकामा आहे!"

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोललात का?"

होणाऱ्या जावयाच्या हातातून ट्रे सुटला. तो खणखणाट थांबेपर्यंत सगळी हसतच होती, आणि थांबल्यावरही. हसता हसता चष्मेवाल्यांनी स्वतःचा चष्मा काढून पुसला. तो पुसायची तशी खरंच गरज होती.

"डाव मी जिंकले," विहीणबाई म्हणाल्या, "तेव्हा सांगणार मी. सोमवारी बेकरी बंद असते. गाळा बघायला येतेय. आणि परत खेळायचं, यावेळी खरं."

सोमवारी त्या मुलासोबत टेप घेऊन आल्या, भिंती ठोकून पाहिल्या, भट्टीच्या धुराड्यावरून चष्मेवाल्यांशी कडाडून भांडल्या, आणि मग काउंटरपाशी येऊन बसल्या. डाव फोडायची पाळी त्यांची आली. एक पट्ट्यांचा गेला, मग दुसरा, मग एकाच फटक्यात दोन. चष्मेवाले आपला फोन हातात धरून पाळीची वाट बघत राहिले. सातही गेल्यावर विहीणबाईंनी मधल्या पॉकेटावर बोट ठेवलं. "इथे," त्या म्हणाल्या, आणि काळा तिथेच गेला.

चष्मेवाल्यांनी एकही फटका मारला नव्हता.

"आई!" जावई ओरडला. "तू कधीपासून खेळतेस?"

"पीठ फुगेपर्यंत काय करणार मग? बसल्या बसल्या खेळते," त्या पदराने हात पुसत म्हणाल्या. "त्या दिवशी हरताना मात्र घाम फुटला हो. अजून एक डाव टाकायचा?"

"तुम्ही म्हणाल..." चष्मेवाल्यांनी सवयीने सुरुवात केली. मागच्या खोलीतली घरघर थांबली आणि लेकीचं डोकं दारातून बाहेर आलं.

"हो, टाकायचा," ते घाईघाईने म्हणाले. "आणि यावेळी मी फोडणार."