भिंतीचे पोपट

आईंच्या खोलीतल्या भिंतीला ओल धरली, तेव्हा घरात कुणीही घाबरलं नाही. घाबरायचं कशाला? घरात विश्वकोश होता. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून आईंच्या मुलाने जगातल्या यच्चयावत प्रश्नांची उत्तरं फोनवर शोधून द्यायचा विडा उचलला होता आणि त्याबद्दल बायकोने त्यांना ही पदवी बहाल केली होती.

"गवंड्याला बोलवू या का?" बायकोने विचारलं. ती छापखान्यात मुद्रितं तपासायची.

"त्याला काय कळतंय? आणि मी एका ठिकाणी वाचून विश्वास ठेवणारा नव्हे. तीन ठिकाणी ताडून पाहिलंय. रंगात मूठभर मीठ कालवायचं आणि दोन हात मारायचे. विषय संपला."

आई दारात खुर्ची टाकून बघत बसल्या. "मीठ पाणी ओढतं रे," त्या म्हणाल्या.

"आई, हे संशोधन आहे," असं म्हणत विश्वकोशांनी दुसरा हात मारला.

भिंतीने मीठ पोटभर खाल्लं. पण खाल्ल्या मिठाला काही ती जागली नाही. ओल खिडकीपर्यंत सरकली, रंग फुगला आणि एका सकाळी गिलाव्याचा तुकडा आईंच्या उशीशेजारी येऊन पडला. आई अंथरूण गुंडाळून बाहेरच्या खोलीत आल्या.

बायकोने फोन मागून घेतला.

"अहो, तिन्ही ठिकाणी 'भिंतीचे पोपट कायमचे थांबतील' असं का लिहिलंय?"

"पोपडे म्हणायचं असेल. टायपिंगची चूक."

"तिघांची एकच चूक?"

तिसऱ्या लेखात 'एका ज्येष्ठ तज्ज्ञांच्या मते' असे शब्द होते. बायकोने त्या शब्दांवर बोट दाबलं. प्रश्नोत्तरांचं एक जुनं पान उघडलं. पोपटांसकट तेच उत्तर आणि शेजारी तज्ज्ञांचा फोटो: काळा गॉगल, करारी हनुवटी, मागे ह्याच घरातला सोफा आणि सोफ्याच्या कडेला आईंचा पाय.

"हे मी कधी लिहिलं?" विश्वकोश पुटपुटले.

"कुठे वाचून लिहिलं होतं?"

"वाचलं नव्हतं, सुचलं होतं. तो माणूस बिचारा अडला होता गं. कुणीच उत्तर देत नव्हतं."

आईंना हसू आवरेना. "म्हणजे तीन ठिकाणी चौकशी केलीस आणि तिन्ही ठिकाणी तूच घरी होतास!"

विश्वकोश कानापर्यंत लाल झाले. तरी उत्तर पुसण्याआधी ते किती जणांना आवडलंय, हे त्यांनी चोरून पाहिलंच.

मग गवंडी आला. वरच्या मजल्यावरचा पाइप गळत होता. तो बदलला, भिंत खरवडून नवा गिलावा केला. विश्वकोशांनी प्रामाणिकपणे तिन्ही ठिकाणी लिहिलं, "हा उपाय चुकीचा आहे. मी स्वतः करून पाहिला. माझ्या भिंतीचा गिलावा पडला."

दोघांनी दखल घेतली नाही. तिसऱ्याने लगेच उत्तर दिलं, "तुम्ही नीट केला नसेल. लिहिण्याआधी तज्ज्ञांचं मत वाचत जा."

"या लोकांना पुरावा म्हणजे काय, ते कळतच नाही!" विश्वकोश घरभर तणतणत फिरले. "कुणीतरी काहीतरी ठोकून देतो आणि हे डोळे मिटून गिळतात!"

आई कोरड्या खोलीत परतल्या होत्या. "अरे, तेवढं दार ओढून घे," त्या आतून म्हणाल्या. "मला जरा पडू दे."