मंगळवारचा पिवळा रंग

"हिला घासायचं नाही, ॲसिडात बुडवायचं नाही, नुसतं पाणी फिरवायचं. बरणी आहे की माहेरी आलेली लेक?" धुणाऱ्या मावशी माझ्या तोंडाशी तोंड आणून पुटपुटल्या आणि त्यांनी मला पालथी घातली.

मित्रांनो, ती बरणी म्हणजे मी. मी एक जुनी काचेची बरणी आहे. खाऊची नव्हे, प्रयोगशाळेतली. काच फुंकणाऱ्या कारागिराने मला दोन भिंती दिल्या आणि तळाशी एक तोटी. भिंतींच्या मधून दिवसभर कोमट पाणी फिरे, म्हणून माझं पोट कायम माणसाच्या अंगाइतकं उबदार. नवखं कुणी मला हात लावी आणि चटकन काढून घेई.

माझ्या मॅडम जीवरसायनशास्त्रज्ञ. एन्झाइम म्हणजे शरीरातली न दिसणारी कात्री, मोठमोठे रेणू कापणारी. तेच काम करणारी छोटीशी साखळी आपल्या हातांनी घडवायची, हा त्यांचा ध्यास. अमिनो आम्लाचा एक मणी जोडायचा, धुवायचं, तपासायचं, मग पुढचा. असे अकरा मणी. सातवा नीट बसला नाही की सगळं फेकून पुन्हा पहिल्यापासून. यात त्यांचे केस पांढरे झाले, आणि घरच्यांनी त्यांच्यासाठी जेवायला थांबणं सोडून दिलं.

सोमवारी माझ्यात खरं एन्झाइम घालत, तुलनेसाठी. मंगळवारी मॅडमची साखळी. कापण्याचं काम झालं की रंगहीन द्रावण पिवळं होई. एका मंगळवारी ते झालं. मॅडम स्टुलावर बसून रडल्या, आणि मी भाग्याची बरणी ठरले; तेव्हापासून मला घासायला बंदी. साखळी न घालता करायची कोरी चाचणी मात्र साध्या बीकरमध्ये होई. "त्यासाठी बरणी कशाला झिजवायची?" मॅडम म्हणत.

तिथेच चुकलं. सोमवारचं एन्झाइम माझ्या तोटीच्या खोबणीत चिकटून राही. पाणी फिरवून ते निघत नसे. सगळे जेवायला गेले, खोली शांत झाली, की मला जाणवे: माझ्या तळाशी कुणीतरी बसलंय. मुकाट, भुकेलं, वाट बघत.

दुसऱ्या प्रयोगशाळांतून पत्रं येत, की आमच्याकडे काही पिवळं होत नाही. मॅडम म्हणत, "मणी ओवताना घाई करत असतील."

एका दुपारी मॅडमच्या विद्यार्थिनीने साखळी न घातलेलं कोरं द्रावण चुकून माझ्यात ओतलं. मी हळूहळू पिवळी झाले. तिने बराच वेळ पाहिलं, मग तोटी उघडून सगळं मोरीत सोडलं. तिथे मावशी होत्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि उकाड्याबद्दल बोलल्या. पुढे इतरांनाही कळलं असावं. माझ्यासमोरची थट्टामस्करी थांबली. माझ्याकडे पाठ करून कुणी उभं राहीना.

काचेला बोलता येत नाही मित्रांनो, तिला फक्त दिसू देता येतं. तरी एक मागणं आहे. जिच्यावर जीव जडला, ती वस्तू इतरांहून जास्त घासा. तिला हात लावायचा नाही असं एकदा ठरलं, की तिच्यात काय राहायला आलंय ते कुणी बघत नाही.

मॅडमच्या निवृत्तीच्या आठवड्यातला मंगळवार आला. त्यांनी विद्यार्थिनीला माझ्यासमोर बसवलं. "आता हे काम तुझं. दहा वर्षं जातील, पण तू चिवट आहेस. आजचा प्रयोग तूच लाव, मी नुसती बघते."

"नुसतं बघणं जमायचं का तुम्हाला?" मावशी मोरीपासून म्हणाल्या.

"दहा मिनिटं तरी जमेल."

मुलीने मला भरलं. तिची बोटं गार होती. आधी तोटीपाशी पिवळा धागा उमटला, मग तो वर वर चढत गेला. मोरीतला नळ बंद झाला.

"बघ," मॅडमनी माझ्या कोमट भिंतीवर तळवा टेकला. "हिने कधी दगा दिला नाही."

"मॅडम," मुलगी म्हणाली, "यात साखळी नाहीये. मी घातलीच नाही."