खऱ्या मापाचा नमुना

गल्लीच्या टोकाला, छापखान्याच्या मागच्या बाजूला साचेवाल्यांची कार्यशाळा होती. वैद्यकीय कॉलेजांना आणि नर्सिंगच्या शाळांना लागणारे शरीराचे नमुने ते बनवत. कान, डोळा, मूत्रपिंड, झाकण उघडून आतले कप्पे दाखवता येतील असं हृदय. चाळीस वर्षं हेच काम करून बोटांच्या रेषांमध्ये प्लास्टर कायमचं मुरलं होतं. पण त्यांचा खरा हात बसला होता तो गर्भाशयावर. मुठीएवढं गर्भाशय, दोन्ही अंगांना बदामाएवढी अंडाशयं आणि त्यांच्यावर झुकलेली गर्भनलिकेची झालर. महिन्याकाठी एक बीज सुटतं आणि ही झालर त्याला अलगद आत घेते, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून झालरीची टोकं ते कधी जाड होऊ देत नसत. जाड बोटांनी मोती उचलता येतो का, असं स्वतःशीच पुटपुटत ते ती टोकं घासत बसत.

हे सगळं कार्यशाळेत. घरी येऊन चप्पल काढली की विषय बंद. हजारभर गर्भाशयं घडवलेल्या या माणसानं आपल्या घरात तो शब्द एकदाही उच्चारला नव्हता. बायको लोकांना सांगताना "ते प्लास्टरचं काम करतात" एवढंच सांगे. ऐकणाऱ्याला वाटे, भिंती लिंपतात.

त्यांची सून चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. बोलायला कमी आणि नजरेची पक्की. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि त्यात दुसऱ्यांदा तिचं पोट रिकामं झालं होतं. आठव्या आठवड्यात सोनोग्राफीला गेली, तर डॉक्टर बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, ठोका दिसत नाही, वाढ आठवड्यापूर्वीच थांबलेली दिसते. मुलानं चार दिवस रजा काढली. मग तो कामावर गेला आणि आठवड्यानं तीही गेली. घरात सगळेच पाय न वाजवता चालू लागले.

साचेवाल्यांची बायको त्याबद्दल एकदाच बोलली. भाजी निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, "तरी तिनं ते शिलाई मशीन उचलायला नको होतं."

सून शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. कपडा झटकल्याचा आवाज येत होता, तो थांबला. साचेवाल्यांना वाटलं, आपण काहीतरी बोलावं. पण त्यांनी पेपरात तोंड खुपसलं आणि पुढचा अर्धा तास एकच बातमी वाचली.

त्याच शनिवारी दुपारी सून कार्यशाळेच्या दारात उभी राहिली. त्यांच्या चष्म्याची दांडी तुटली होती, ती तिनं दुकानात बसवून आणली होती. इतक्या वर्षांत ती इथे पहिल्यांदाच येत होती. नेमका टेबलावर नर्सिंगच्या शाळेचा संच मांडलेला. बीजापासून तिसऱ्या महिन्यापर्यंतचा गर्भ, अकरा नमुन्यांत, ओळीनं. साचेवाल्यांनी झटकन फडकं उचललं.

"राहू द्या, बाबा," ती म्हणाली.

ती पहिल्या नमुन्यापासून बघत निघाली. एक गोळा. त्याचे झालेले दोन, मग चार. मग तुतीच्या फळासारखा दाणेदार गोळा. ती विचारायची आणि ते तिच्याकडे न बघता, प्लास्टरकडे बघत उत्तर द्यायचे.

"हे एवढं सगळं पोटात गेल्यावर होतं?"

"नाही. हे वाटेतच. बीज फळतं ते नलिकेत. मग पाच-सहा दिवस तो गोळा नुसता प्रवासात. त्याला स्वतःचे पाय नाहीत. नलिकेच्या आत बारीक केस असतात, ते त्याला पुढे पुढे सरकवतात."

"आणि मग?"

"मग पिशवीच्या अस्तरात रुजतो. रुजला तर." शेवटचे दोन शब्द तोंडातून निसटले आणि साचेवाल्यांनी जीभ चावली.

ती पुढे सरकली. म्हणाली, "माझं कुठलं?"

त्यांनी बोट दाखवलं. सातवा आठवडा. वाकलेली पाठ, शरीराच्या मानानं भलंमोठं डोकं, वल्ह्यासारखे चपटे हात, डोळ्याच्या जागी काळा ठिपका.

"एवढं मोठं?"

"छे गं. हा दहापट आहे. शेवटच्या बाकावरच्या मुलीलाही दिसायला हवा ना."

"मग खरं केवढं?"

त्यांनी आपल्या करंगळीचं नख दाखवलं. ती त्या नखाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मला तेवढंच करून द्याल?"

साचेवाल्यांना त्याला तीन दिवस लागले. मोठं करणं सोपं, खऱ्या मापाचं अवघड. मेणाचा एवढासा गोळा, सुईचं टोक आणि भिंग. आजवर सातवा आठवडा त्यांच्यासाठी साचा नंबर सात होता. तो साचा मिटल्या डोळ्यांनी भरता यायचा. आता मात्र पाठीचा बाक काढताना ते मध्येच थांबत आणि उगाच खिडकी उघडून येत.

तिसऱ्या दिवशी ती कामावरून परस्पर आली. आपलं भिंग डोळ्याला लावून तिनं मेणाचा नमुना मोठ्या नमुन्याशी ताडून पाहिला.

"डोळा जरा वर गेलाय, बाबा."

खरंच गेला होता. त्यांनी ब्रश तिच्याकडे दिला. तिनं ब्रशच्या एका केसानं तो ठिपका पुसला आणि योग्य जागी परत टेकवला. मग तळहातावर घेऊन बसली. म्हणाली, "मी मशीन खिडकीशी नेलं ते आईंना उजेड मिळावा म्हणून. सहा पावलंसुद्धा नसतील हो." आणि तिला रडू फुटलं. साचेवाल्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला ओलं प्लास्टर होतं, हे त्यांना नंतर दिसलं. केसांना प्लास्टर लागलेलं, ती तशीच घरी गेली.

संच तपासायला नर्सिंगच्या शाळेच्या प्राध्यापकबाई सोमवारी आल्या. त्यांनी अकराही नमुने नजरेखालून घातले, एका नाळेचा रंग बदलायला सांगितला आणि पर्स उचलली. तेव्हा साचेवाले म्हणाले, "बाई, एक विचारू? घरचं आहे."

विचारताना त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सुनेबद्दल, असल्या गोष्टीबद्दल, परक्या बाईशी बोलायची ही पहिलीच वेळ. पण सुरुवात झाली आणि सगळं सांगून झालं. मशीनसकट.

बाई पुन्हा खाली बसल्या. "वजन उचलून गर्भ पडत असता, तर जगातली अर्धी माणसं जन्मालाच आली नसती. बायका आयुष्यभर दुसरं करतात काय? इतक्या लवकर जातं, तेव्हा बहुतेक वेळा ते सुरुवातीलाच चुकलेलं असतं. दोन पेशी जुळताना गुणसूत्रांची मोजणी चुकते, एखादं कमी, एखादं जास्त. तिथून पुढे ते टिकणार नसतंच. दोनदा झालंय, तर तिला डॉक्टरांकडून तपासण्या करून घ्यायला सांगा. पण ते मशीन तिच्या डोक्यातून काढा."

"तुम्ही सांगाल का तिला?"

"तुम्हीच सांगा. माझ्या विद्यार्थिनींपेक्षा तुम्हाला जास्त येतं."

त्या संध्याकाळी चौघं जेवायला बसली. साचेवाल्यांनी पहिला घास हातात घेतला आणि तसाच परत ठेवला. "त्या मशीननं काही झालेलं नाही," ते ताटाकडे बघत म्हणाले. मग मोजणीचं सांगितलं, रुजण्याचं सांगितलं, गर्भाशय हा शब्दही वापरला. मुलानं पाण्याचा पेला तोंडाशी नेला होता, तो तिथेच राहिला. सून मान खाली घालून ऐकत होती. सगळं बोलून झाल्यावर ते म्हणाले, "बाईंनी सांगितलंय. मी माझ्या पदरचं नाही बोलत."

बायको उठून आत गेली. जेवण आटोपून तेही आत गेले, तर ती ओट्याला टेकून उभी होती.

"अहो," ती म्हणाली, "स्टुलावर चढल्यानंही होत नाही का?"

"कुठल्या स्टुलावर?"

"पडदे काढायला चढले होते मी. धुवायचे होते. दुसऱ्या दिवशी गेलं. तिसरा महिना भरत आला होता."

साचेवाल्यांना आठवलं. मुलाच्या जन्माआधीची गोष्ट, चौतीस वर्षांपूर्वीची. ते माल पोचवायला परगावी गेले होते. परत आले तेव्हा ती चुलीपाशी होती, तोंडावर काहीच नव्हतं. शेजारणीनं त्यांना दारातच सांगितलं होतं. त्यांनी 'बरी आहेस ना' एवढं विचारलं, ती 'हो' म्हणाली आणि तो विषय तिथेच संपला होता. म्हणजे त्यांच्यासाठी संपला होता.

"कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत?"

ते तिच्या शेजारी ओट्याला टेकले. "नाही होत," ते म्हणाले. "स्टुलानंही नाही. पडद्यांनीही नाही. तुझी काहीच चूक नव्हती."

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि बाहेर गेली. सून ताटं गोळा करत होती, तिचं मनगट धरून तिला खाली बसवलं.

"मी ते मशीनचं बोलले ना, ते तुला नव्हते बोलले गं," ती म्हणाली. "माझी मलाच बोलत होते. तू मध्ये सापडलीस."

सुनेनं ताटं बाजूला ठेवली. त्या दोघी तिथेच बसून राहिल्या, आणि मुलानं आयुष्यात पहिल्यांदा कुणी न सांगता भांडी घासली. दोन पेले फोडले, पण घासली.

रविवारी सून सासूला घेऊन कार्यशाळेत आली. ओळीतल्या एकेका नमुन्यापाशी थांबून, शाळेतल्या बाईंसारखी समजावून सांगत होती, तुतीचं फळ, बारीक केस, अस्तर. सासू कमरेवर हात ठेवून ऐकत होती आणि मध्येच "अगंबाई, हे असं?" म्हणत होती. शेवटून दुसऱ्या नमुन्यापाशी ती आपणहून थांबली.

साचेवाल्यांनी खण उघडला. या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. अकराव्या आठवड्याचा, अंगठ्याच्या दीड पेराएवढा, मेणाचा. त्यांनी तो तिच्या ओंजळीत ठेवला.

"बोटं होती?" तिनं विचारलं.

"होती."

"वेगवेगळी?"

"सगळी वेगवेगळी."

ती भिंगाशिवायच बघत होती, हात लांब धरून. सुनेनं आपलं भिंग तिच्या डोळ्यापुढे धरलं.

"मुलगा की मुलगी, ते कळतं का हो?"

"एवढ्यात बघून नाही कळत."

"मला मुलगी वाटायची," ती म्हणाली. "नावसुद्धा ठरवलं होतं."

साचेवाल्यांनी बाक ओढला आणि तिच्या शेजारी बसले. कोणतं नाव, ते त्यांनी विचारलं. तिनं त्यांच्या कानात सांगितलं.