आधी चष्मा लावा

“या घरातलं पारतंत्र्य आज संपलं, भाऊजी,” असं जाहीर करून मेहुण्याने खिशात हात घातला. मुक्तीचा पेनड्राइव्ह दुसऱ्या पँटमध्ये राहिला होता.

तो घरी जाऊन अर्ध्या तासाने परतला. जन्मभर पुस्तकं बांधलेला म्हातारा बाइंडर तोवर खुर्चीतून हलला नव्हता. बायको जाऊन तीन महिने झाले होते. तिचे फोटो, तिची पत्रं कॉम्प्युटरात अडकून पडली होती आणि पासवर्ड आठवत नाही, असं बाइंडर सगळ्यांना सांगत आला होता. रोज सकाळी तो काहीतरी टाइप करी. चुके. मग पडद्यावर तिने कधीकाळी लिहून ठेवलेली सूचना उमटे: ‘आधी चष्मा लावा.’ तो चष्मा लावी आणि यंत्र बंद करी.

“विकतच्या सिस्टीमचं हे असंच,” मेहुणा म्हणाला. “घर तुमचं, किल्ली कंपनीकडे. वर दर चार वर्षांनी म्हणणार, आता नवं यंत्र घ्या. आमच्या या पेनड्राइव्हवरच्या सिस्टीमचं सगळं उघडं. जगभरचे लोक लिहितात, कुणीही वाचावं, हवं ते बदलावं.”

“आणि फुकट.”

“मुक्त, भाऊजी. फुकट वेगळं.”

“म्हणजे पैसे पडतात?”

“पडत नाहीत,” मेहुणा जरा पडेल आवाजात म्हणाला.

पेनड्राइव्हने मात्र शब्द पाळला. पासवर्ड न विचारता फोटो बाहेर आले. ताई गच्चीवर, ताई दवाखान्यात, ताई कुणावर तरी डाफरताना. मेहुण्याने नाक पुसलं. बाइंडर पुठ्ठ्याची कड तपासावी तसा टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला.

“सगळं उतरवून घेतलं. आता जुनी सिस्टीम पुसून टाकू ना?”

बाइंडरने मान हलवली. होकाराची की नकाराची, हे न बघताच मेहुण्याने बटण दाबलं. हिरवी पट्टी सरकत टोकाला गेली. पडदा कोरा झाला, मग निळा.

“आता नवा पासवर्ड द्या. हा तरी विसरू नका.”

“तो विसरलो नव्हतो.”

मेहुण्याची बोटं कीबोर्डवरच राहिली.

“मग तीन महिने…”

“बरोबर टाकला की ती ओळ येत नाही.” बाइंडरने चष्मा काढून काड्या मिटल्या. “यात हवं ते बदलता येतं म्हणालास ना?”

“येतं.”

“मग चुकलं की तेवढं चष्म्याचं येऊ दे.”