कपाळावरचा उसना टिळा

मित्रांनो, मी एक जुना तांबडा घोडा आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पडद्यावर पाहिलं असेल, पण टांग्याला जुंपलेला पाहून ओळखलं नसेल. पडद्यावर माझ्या कपाळावर पांढरा टिळा होता. तो माझा नव्हता.

माझा जन्म कुरुंदवाडजवळच्या एका मळ्यातला. तीन वर्षांचा झालो तेव्हा आकाराम टांगेवाल्यानं मला कोल्हापूरला आणलं आणि पाखऱ्या हे नाव दिलं. त्यानं मला चाबूक कधी लावला नाही. फक्त दोन शब्द शिकवले. 'उभा' म्हटलं की उभं राहायचं, आणि तो 'चल' म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही. ट्रकचा भोंगा कानाशी वाजला तरी मी हलत नसे. स्टँडवरचे टांगेवाले म्हणत, "आकाराम, घोडं हाय का देवळातला नंदी ह्यो?" आकाराम नुसता हसायचा. त्याला माझा फार अभिमान होता.

एकोणीसशे एक्कावन्न सालच्या उन्हाळ्यात एक चित्रपट निघाला होता. लढाईत पडलेल्या धन्याला सोडून न जाणाऱ्या घोड्याची ती गोष्ट. त्यात काम करणारा घोडा मोती. माझ्यासारखाच तांबडा, पण कपाळावर रुपयाएवढा पांढरा टिळा. सगळा चित्रपट झाला, शेवटचा प्रसंग तेवढा राहिला, आणि मोतीचा पाय मुरगळला. धनी जमिनीवर पडलेला, घोडा त्याच्यावर मान झुकवून उभा, एवढंच टिपायचं होतं. पण न हलता उभा राहणारा तांबडा घोडा हवा होता. कुणीतरी आमचं नाव सांगितलं.

दुपारी कळंब्याच्या तळ्याकाठी आम्ही पोचलो. दिग्दर्शकांना सगळे तात्या म्हणत. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "घोडा छान आहे. टिळा करा."

रंगभूषा करणारा पिराजी डबा घेऊन आला. "आकाराम, नवरदेवाला मुंडावळ्या बी बांधू का?" असं म्हणत त्यानं माझ्या कपाळावर पांढरी पूड लावली. ऊन कडक होतं. मला घाम आला आणि टिळा वाहून गेला. त्यानं पुन्हा लावला, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा तात्या घड्याळ बघू लागले. ऊन कललं तर मागच्या प्रसंगाशी उजेड जुळला नसता.

मग पिराजीनं कमरेची पानाची चंची सोडली. डबीतला चुना डिंकात कालवला आणि बोटानं माझ्या कपाळावर थापला. टिळा घट्ट बसला.

आकारामचा चेहरा उतरला. "पिराजी, चुना हाय त्यो. डोळ्यात गेला म्हंजी?"

"कपाळाला लावलाय की! डोळ्यात कशाला जातोय?"

"घाम खालीच येतोय न्हवं?"

तात्या म्हणाले, "आकाराम, दोन मिनिटांचं काम आहे. झालं की लगेच धू. जमत नसेल तर आत्ताच सांग."

आकारामनं माझ्याकडे पाहिलं. सगळे थांबले होते. न हलणारा घोडा म्हणून तो मला मिरवत आला होता, आणि आता सगळ्यांदेखत मागं फिरायचं त्याच्या जिवावर आलं. माझ्या मानेवर हात ठेवून तो हळूच म्हणाला, "उभा." आणि मागे सरला.

माझ्या पायाशी नायक वसंतराव डोळे मिटून पडले. आवाजही तिथंच टिपला जाणार होता, म्हणून सगळ्यांना तोंड बंद ठेवायची ताकीद होती. कॅमेऱ्यापुढं फळी वाजली. मी मान झुकवली.

मान झुकताच घाम ओघळला. आधी नुसती चुणचुण झाली. मग उजव्या डोळ्यात निखारा पडल्यासारखं झालं. मला उधळावंसं वाटलं. पण पायाशी माणूस पडला होता, आणि 'चल' कुणी म्हटलं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. दुसऱ्या डोळ्यानं मला आकाराम दिसत होता. तो हाताची मूठ दातांत धरून उभा होता. मी त्या एका शब्दाची वाट पाहत होतो.

तात्या पुढे झुकले होते. घोडा खरंच रडतो आहे, या आनंदात त्यांनी हातानंच खूण केली, चालू ठेवा.

शेवटी आकाराम ओरडला, "पाखऱ्या, चल! चल रं माझ्या राजा!" आणि धावत येऊन त्यानं मला तळ्यात नेलं. तांब्यामागून तांब्या पाणी डोळ्यात ओतलं. मागे तात्या म्हणत होते, "असू दे, मिळालं तेवढं पुरेल."

दुसऱ्या दिवशी गुरांच्या डॉक्टरांनी डोळा पाहिला. "लगेच धुतला असता तर वाचला असता," एवढंच ते म्हणाले. महिनाभरात डोळ्यावर दुधासारखा पडदा आला.

चित्रपट खूप चालला. लोक स्टँडवर मला बघायला येत. कुणी हार घातले, कुणी गूळ दिला. एकजण म्हणाला, "मालक, रडून दाखवायला सांगा की त्याला!" आकारामनं त्याला टांग्यात बसू दिलं नाही.

आकारामनं तो चित्रपट कधी पाहिला नाही. त्याची बायको तानाबाई शेजारणींबरोबर जाऊन आली. माझ्यापुढं वैरण टाकताना ती म्हणाली, "समद्या बाया रडत हुत्या, पाखऱ्या. म्हणत हुत्या, जनावराची माया बघा. मला तितं बसवंना."

त्याला आता सहा वर्षं झाली. आम्ही दोघंही थकलो आहोत. पिराजी एकदा भेटायला आला होता, माझ्या कपाळावरून हात फिरवून गेला. माझा कुणावर राग नाही. फक्त भीती अजून जात नाही. उजव्या अंगानं काही हललं की माझी कातडी थरथरते.

म्हणून मित्रांनो, एक विनंती आहे. आम्हा जनावरांना 'नाही' म्हणता येत नाही, ते आमच्यासाठी तुम्ही म्हणा, आणि वेळेवर म्हणा. आणि स्टँडवर कधी आलात तर माझ्या डाव्या बाजूनं या. उजवीकडून यायचंच असेल, तर आधी आवाज द्या. आकारामही तसंच करतो. रोज पहाटे दारातूनच म्हणतो, "मी हाय रं, पाखऱ्या." आणि मग हात लावतो.