साबणाचं गटिंग

मित्रांनो, मी एक जुनी बॅडमिंटनची रॅकेट आहे आणि माझ्यात गटिंगची एक तारसुद्धा नाही. नुसती रिकामी चौकट. न्यूझीलंडमधल्या लोअर हट गावातल्या एका गॅरेजात खिळ्याला टांगलेली. माझ्याशी बोलायला होतं कोण? एक शिडी आणि एक गवत कापायचं यंत्र. दोघंही घुमी.

पण हसू नका. कारखान्यातून निघाले तेव्हा मी इतकी हलकी होते, की उडून जाऊ नये म्हणून मला टेबलाला बांधून ठेवत. पुढे मी डेन्मार्कच्या बिर्गिटच्या हातात आले. बिर्गिट देशाकडून खेळायची. तिच्या स्मॅशच्या वाऱ्यानं समोरच्या मुलीची वेणी सुटायची! ओडेन्सच्या हॉलमध्ये आम्ही दोघींनी एकदा शटल असं उंच मारलं, की वर बघता बघता पंच म्हातारे झाले. शटल अजून खाली यायचंय.

मग तिचा गुडघा गेला. शेवटचा सामना हरली, त्या संध्याकाळी तिनं स्वयंपाकघरातली कात्री घेतली आणि माझं गटिंग मधोमध कापलं. रागानं कापलं का? मला कळलं नाही. तिनं मला इकडे न्यूझीलंडला आणलं, नवऱ्याच्या घरी, आणि या खिळ्याला लावलं. नवरा गेला, खिळा गंजला. ती गॅरेजात यायची, गाडी काढायची. माझ्याकडे पाहायची नाही.

गेल्या महिन्यात बिर्गिटनं घर विकलं. दूर पापाकुराला नणंदेशेजारी लहान घर घेतलं. जुन्या वस्तू ऑप शॉपला, म्हणजे दानाच्या वस्तू विकणाऱ्या दुकानाला, द्यायच्या म्हणून खोकी भरली. मलाही एका खोक्यात टाकलं, तेही दुसरीकडे बघत. मित्रांनो, मला कप नको होते, टाळ्या नको होत्या. जायच्या आधी तिनं एकदा मुठीत धरावं, एवढंच होतं.

खोकी फाटकापाशी ठेवली होती. शेजारच्या मृदुलाची इरा आली आणि तिनं मलाच उपसलं. घरात नेलं आणि थेट भांड्याच्या साबणाच्या परातीत बुडवलं! देशाकडून खेळलेली मी!

"इरा! अगं, कुणाचं काय उचलून आणलंस? विचारलंस तरी का?" मृदुला ओरडली.

"आई, इट्स फ्री स्टफ! अँड लुक, पर्फेक्ट फॉर बबल्स!"

"फ्री म्हणे! चल, आधी परत देऊन ये. आणि सॉरी म्हण."

मृदुला तिला धरून कुंपणापाशी आली. इराच्या हातात परात, मृदुलाच्या हातात ओली, निथळती मी. "सॉरी हं बिर्गिटताई. हिनं तुमच्या रॅकेटचं पार वाटोळं केलं," मृदुला इंग्रजीत म्हणाली.

बिर्गिटनं हात पुढे केला. तिची बोटं माझ्या मुठीभोवती आली, अंगठा जुन्या जागी बसला. तिनं मला परातीत बुडवून वर उचललं. माझ्या चौकटीत साबणाचा पातळ पडदा ताणला गेला होता.

"हिच्या स्ट्रिंग्ज कुठे गेल्या?" इरानं इंग्रजीत विचारलं.

"मी कापल्या," बिर्गिट म्हणाली. "ताण राहिला की चौकट वाकते. सरळ राहावी म्हणून कापल्या. वाटलं होतं, पुन्हा खेळेन."

आणि तिनं हात फिरवला. तसाच, खांद्यापासून. पडद्याचा मोठा फुगा सुटला आणि कुंपण, लिंबाचं झाड, टेकडी ओलांडून गेला. थेट समुद्रापलीकडच्या हॉर्नबीत कुणाच्या तरी चहात पडला असेल.

बिर्गिटनं मला इराच्या हातात दिलं. तिचा अंगठा सरकवून नीट जागेवर ठेवला. "असं धर," म्हणाली. मग आत जाऊन राहिलेलं खोकं बांधायला बसली.

शनिवारी ती पापाकुराला गेली. मी आता मृदुलाच्या खिडकीत असते. रविवारी परातीत बुडते. बाकीचे दिवस रस्ता बघते.

मित्रांनो, तुमच्या घरी खिळ्याला काही टांगलेलं असेल, तर त्याला नुसतं पुसू नका. ज्याचं आहे त्याच्या हातात एकदा द्या. वेणीचं, पंचांचं मी थोडं वाढवून सांगितलं असेल. पण बिर्गिटनं मला धरलं होतं. त्यात एक अक्षर जास्तीचं नाही.