ग्रुपवर मांडा

ममता सोनवणेंच्या तोंडात एक वाक्य बसून गेलं होतं. कुणाही सेविकेचा फोन आला, की तिचं गाऱ्हाणं निम्मं ऐकायच्या आत त्या म्हणायच्या, "फोनवर नको गं सांगूस. ग्रुपवर मांड. म्हणजे सगळ्यांना दिसेल."

त्यामागे मोठा लढा होता. ममताबाई अमळनेरजवळच्या एका आरोग्य केंद्रात सहायिका होत्या, म्हणजे खेड्यापाड्यात लसी टोचणाऱ्या, बाळंतिणी सांभाळणाऱ्या सेविकांवर देखरेख करणाऱ्या. शिवाय जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांच्या आरोग्य कर्मचारी संघटनेच्या त्या चिटणीस. संघटनेचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, पण आठ वर्षं त्यात लिहायचा अधिकार एकट्या अध्यक्षांना. अध्यक्ष नरडाण्याचे गिरधर नाना, निवृत्त आरोग्य सेवक. ते परिपत्रकं टाकायचे, वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायचे, आणि मधूनमधून हार घातलेला स्वतःचा फोटो. बाकीच्या तीनशे चाळीस माणसांनी ते पाहायचं आणि गप्प बसायचं.

वार्षिक सभेत ममताबाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "नाना, ही संघटना आहे का आकाशवाणी? तुम्ही बोलायचं, आम्ही ऐकायचं!"

सभेत हशा पिकला. नानाही हसले, पण हट्ट सोडेनात. "अगं ममता, तीनशे बाया एकदम बोलायला लागल्या तर ऐकणार कोण?"

शेवटी तडजोड झाली. दर बुधवारी दुपारी तीन ते पाच ग्रुप उघडायचा. ममताबाईंनी सोमवारी विषय द्यायचा, बुधवारी ज्याला जे वाटेल ते त्यानं लिहायचं, आणि पाचला ममताबाईंनीच पुन्हा कुलूप लावायचं. चर्चेचा गोषवाराही त्यांनीच वरच्या कार्यालयात न्यायचा. फोनवर सांगितलेलं दोघींत राहतं आणि तिथंच विरतं, ग्रुपवर मांडलेलं उद्या कुणाला नाकारता येत नाही, हे त्यांचं म्हणणं खरंही होतं.

पहिले काही बुधवार तर धरण फुटल्यासारखे गेले. कुणी लिहिलं, उपकेंद्राला दार आहे पण कडी नाही. कुणी लिहिलं, माझ्याकडे तीन उपकेंद्रं आहेत आणि पाय मात्र दोनच. सावद्याच्या एका सेविकेनं आपल्या टेबलावरच्या रजिस्टरांच्या ढिगाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "यातलं बाळ शोधा." ममताबाई चष्मा पुसत वाचायच्या आणि एकट्याच हसायच्या. वीस वर्षं मुक्या असलेल्या बायका बोलत होत्या, आणि ते आपल्यामुळे, असं त्यांना वाटायचं. वाटू द्यावं. माणसाला एवढं तरी सुख असावं.

त्यातच एकदा रेशमा पावराचा मेसेज आला होता. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी एका उपकेंद्रावर कंत्राटी सेविका. सव्वीस वर्षांची. घरात पावरी, गावात अहिराणी, नर्सिंगच्या वर्गात मराठी, अशा तीन भाषांत वाढलेली. तिनं आधी भाषेबद्दल माफी मागितली. ममताबाईंनी उत्तर दिलं, "तुझ्या भाषेत लिही, बाई. आम्हाला कळतं."

त्यावर तिनं लिहिलं होतं, "अक्का, आते वाटस, आपलं बी कोनीतरी आयकस."

ते वाक्य ममताबाईंनी नवऱ्याला वाचून दाखवलं होतं.

मग तो बुधवार आला. विषय होता, 'आपण आजारी पडलो तर आपल्या जागी कोण?' विषय सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा. सेविका तापानं फणफणली तरी लसीकरणाचा दिवस चुकत नाही, कारण तिच्या जागी जायला माणूसच नसतं. ममताबाईंनी आकडे काढून ठेवले होते, कागद तयार होता. आणि अडीचच्या सुमारास ग्रुपवर नानांचा मेसेज पडला. त्यांच्या मातोश्री गेल्या होत्या, ब्याण्णवव्या वर्षी, झोपेतच.

आता खान्देशात मेलेल्याच्या दारावर जाणं ही साधी गोष्ट नाही. लग्नाला नाही गेलं तर माणसं रुसतात आणि विसरतात, पण दारावर नाही गेलं तर ते पिढी दोन पिढी लक्षात राहतं. कोण आलं, कोण नाही आलं, ओट्यावर बसून मोजलं जातं. दोन जिल्ह्यांतून नरडाण्याला पोचणं सगळ्यांना कुठलं जमायला? तेव्हा रिवाज असा पडला होता, की निदान ग्रुपवर तरी प्रत्येकानं वेगळी हजेरी लावायची. एकानं सगळ्यांच्या वतीनं लिहिलेलं चालत नसे.

ममताबाईंनी तीनला ग्रुप उघडला, तो त्यासाठी. आजची चर्चा होणार नाही, असं लिहायला हवं होतं. ते त्यांच्या मनातही आलं नाही. अध्यक्षांची आई गेली आहे, चर्चा कसली, हे न सांगता कळायचं. त्यांच्यासमोर ओपीडीच्या बायका रांगेत होत्या. 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून, हात जोडून, त्यांनी फोन पालथा ठेवला. संध्याकाळी पाचला उचलला आणि कुलूप लावलं. दोनशे बारा मेसेज आले होते. ते कशाला कोण वाचतं?

शुक्रवारी सकाळी चोपड्याहून एका सेविकेचा फोन आला, आणि ममताबाई नेहमीचं वाक्य बोलणार तोच ती रडायला लागली. रेशमाला झटके आले होते. सातवा महिना चालू होता. गुरुवारी वरच्या पाड्यावर लसीकरण होतं, चार किलोमीटर चढ. सतरा पोरांना लस देऊन उतरताना ती कोसळली. पाड्यावरच्या माणसांनी झोळीत घालून तिला रस्त्यापर्यंत आणलं, तिथून गाडीनं जळगावला. रेशमा वाचली. पोटातलं मूल नाही वाचलं.

"अक्का, तिनं ग्रुपवर लिहेल व्हतं," ती सेविका म्हणाली. "आमी कोनीच नही पाह्यं."

ममताबाई खुर्चीत बसल्या आणि बुधवारचे मेसेज मागे सारत गेल्या. भावपूर्ण श्रद्धांजली. भावपूर्ण श्रद्धांजली. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. जोडलेले हात, जोडलेले हात. आणि अगदी वर, तीन वाजून पाच मिनिटांनी, रेशमा.

"नानासना आईले नमस्कार. माफ करा, आजना विषय शे म्हनीसन मांडस. माले सातवा महिना शे. दोन दिन पासून डोकं भलतं दुखस, तोंडवर सूज शे, डोयासमोर चमकस. उद्या वरना पाडावर लसीकरण शे. मन्हा जागावर कोनी इ शकीन का? फक्त उद्याना दिन."

तीनशे चाळीस माणसं, आणि सगळी याच कामातली. सातवा महिना, डोकेदुखी, सूज, डोळ्यांपुढे चमकणं: यातलं एक ऐकलं तरी निजलेली सेविका उठून रक्तदाबाचं यंत्र शोधेल. हे त्यांना पहिल्या वर्षाला शिकवतात. गावातल्या प्रत्येक पोटुशीच्या कार्डावर त्या हे लाल शाईनं लिहितात. रेशमानं स्वतःचं दुखणं पुस्तकातल्यासारखं ओळीनं मांडलं होतं, आणि ते वाचायला तिच्याच तीनशे चाळीस बहिणी-भाऊ होते.

त्या मेसेजच्या लगेच खाली, तीन वाजून सहा मिनिटांनी, पुढचा मेसेज होता. "भावपूर्ण श्रद्धांजली." ममता सोनवणे.

बाहेर जाऊन त्यांनी तोंडावर पाणी मारलं, पुन्हा आत आल्या, पुन्हा पाहिलं. मेसेज तिथंच होता.

शनिवारी त्या एसटीनं जळगावला गेल्या. दवाखान्यात रेशमाचा नवरा बादल दाराशी उभा होता. त्यानं वाकून नमस्कार केला, तेव्हा ममताबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. रेशमा भिंतीकडे तोंड करून पडली होती. चेहऱ्यावरची सूज अजून उतरली नव्हती. त्यांना पाहून ती उठायला लागली.

"पडून राहा," ममताबाई म्हणाल्या. मग विचारायला नको होतं तेच त्यांनी विचारलं. "अगं, मला फोन का नाही केलास?"

रेशमानं त्यांच्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"तुम्हीच सांगेल व्हतं ना अक्का, फोन करू नका, ग्रुपवर मांडा." पुढे तीच म्हणाली, "खाले तुमना मेसेज दिखना. मी म्हनं, अक्कानं वाची लिधं. अक्का दुखमा शे, आते परत कसाले तरास देवाना. मंग मी गऊ."

ममताबाईंनी तिचा हात धरला आणि ओक्साबोक्शी रडल्या. शेजारच्या खाटेवरच्या बायका पाहत राहिल्या. रेशमाच त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि त्याचं त्यांना आणखीच रडू येत होतं.

दशक्रिया झाल्यावर त्या नरडाण्याला नानांच्या दारावर गेल्या. नानांनी मुंडण केलं होतं, एकदम थकलेले दिसत होते. ममताबाईंना वाटलं, आता ते म्हणतील, मी सांगितलं नव्हतं का? ऐकणार कोण, म्हणून विचारलं नव्हतं का? पण नानांनी आत चहा सांगितला. चहा आला, चहा गार झाला.

"मी वाचला होता," ते एकाएकी म्हणाले.

"काय?"

"त्या पोरीचा मेसेज. बुधवारी संध्याकाळी मी एकेक नाव पाहत बसलो होतो, कुणी लिहिलं, कुणी नाही. तिचा मेसेज आला, त्यात श्रद्धांजली नव्हती." नानांनी कप बाजूला सारला. "म्हणून मी तिचं नाव न लिहिणाऱ्यांत धरलं आणि पुढे गेलो. छत्तीस वर्षं हेच काम केलं मी, ममता. मन्हा डोया फुटेल व्हतात का?"

ममताबाईंना त्यांचा राग धरता आला नाही. त्यांच्यावर रागवावं तर स्वतःवर किती रागवावं, हेच त्यांना कळेना.

पुढच्या महिन्याचा गुरुवार जवळ आला. वरच्या पाड्यावरची पोरं लसीवाचून राहायला नकोत, आणि रेशमा तर रजेवर. ममताबाई तालुक्याच्या कार्यालयात गेल्या, म्हणाल्या, एक दिवस तिच्या जागी मी जाते. साहेबांनी मान हलवली, कारकुनानं आदेश टाइप केला, सही झाली. सगळं मिळून अर्धा तास लागला. त्या कागद हातात घेऊन जिन्यात उभ्या राहिल्या. अर्धा तास! जाणारे येणारे त्यांना वळसा घालून जात होते.

गुरुवारी लसींचा डबा खांद्याला अडकवून त्या चढ चढल्या. बावन्न वर्षांचे गुडघे, चार ठिकाणी बसावं लागलं. दर वेळी बसताना मनात यायचं, ती कुठं बसली असेल, बसली तरी असेल का.

पाड्यावर बायका झाडाखाली जमल्या होत्या. ताईबाई नावाच्या म्हातारीनं खाट टाकून दिली. रेशमाला झोळीत घालायला पहिला हात हिचाच लागला होता. पाड्यावर तीच बाहेरच्यांशी बोलायची, मोडक्या अहिराणीत. ममताबाईंनी डबा उघडला, सिरिंजा मांडल्या, रजिस्टर काढलं. पहिलं मूल पुढे यायच्या आत ताईबाईनं एक गाठोडं त्यांच्या मांडीवर ठेवलं. जुन्या लुगड्यांची, हातभर लांबीची गोधडी होती. टाके बारीक होते, कडेला लाल धागा. पाच-सहा जणींनी मिळून शिवली होती, असं तिनं बोटांनी मोजून सांगितलं.

"रेशमाबाईले देजा," ती म्हणाली. सगळ्या बायका हसऱ्या चेहऱ्यानं पाहत होत्या. इथं कुणी काही कळवलंच नव्हतं. त्यांनी बाईला रस्त्यावर पोचवलं होतं, गाडीत चढवलं होतं. बाई वाचली, एवढा निरोप कुणीतरी आणला होता, आणि त्यावर त्यांनी गोधडी शिवली होती.

"काय व्हयनं बाईले?" ताईबाईनं विचारलं. "आंडोर का आंडेर?"

मुलगा का मुलगी. ममताबाईंनी गोधडीची घडी उलगडली, परत घातली.

"आंडेर व्हती," त्या म्हणाल्या.

ताईबाई हसत हसत मागे वळली, बायकांना सांगायला. दोन पावलं गेली आणि थांबली. 'व्हती' तिच्या ध्यानात आलं. ती तशीच पाठमोरी उभी राहिली. मग तिनं पावरीत हळू आवाजात काहीतरी सांगितलं, आणि झाडाखालच्या सगळ्या बायका एकेक करून जमिनीवर बसल्या.

काही वेळानं एक जण उठली, आपलं मूल घेऊन पुढे आली आणि त्याचा दंड ममताबाईंपुढे उघडा केला. ममताबाईंनी गोधडी मांडीवरून काढली नाही. तशाच बसून त्यांनी त्या मुलाचं नाव विचारलं.